हळदीघरातले भाऊजी

भाऊजी पाण्याखाली गेले की ग्वारीघाटावरची माणसं आधी हसत, मग गप्प होत आणि मग हाका मारू लागत. हिवाळ्यात नर्मदेचं पाणी हिरव्या काचेसारखं नितळ असतं, तरी ते कुठे आहेत याचा पत्ता लागत नसे. ताई त्यांचे कपडे मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली असे आणि मुद्दाम दुसरीकडे बघे. मग भलत्याच कुठल्या तरी नावेच्या पलीकडून त्यांचं डोकं वर येई. मिशीतून पाणी निथळत असे, आणि ते उलट आम्हालाच विचारत, "काहून ओरडून राहिले तुम्ही सगळे? कोण बुडालं?"

नावाडी त्यांना 'मगर भैया' म्हणत. रमेसुर नावाचा एक नावाडी तर नव्या यात्रेकरूंना दाखवायला त्यांना हाक मारून बोलवी. भाऊजींना या गोष्टीचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. "माणसाचं सगळं दमावर असतं," असं ते छातीवर थाप मारून सांगत. ताई म्हणे, "दम आहे, अक्कल नाही." त्यावर ते खूश होऊन मान डोलावत.

आई आणि बाबा दोघंही गेल्यावर मी अमरावतीला काकांकडे होते. तिथून मला जबलपूरला आणलं ते भाऊजींनी. ताईनं त्यांना तसं सुचवलंही नव्हतं. तेच एक दिवस उठले आणि गाडीत बसले. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन स्टेशनाबाहेर येताना ते म्हणाले, "घर आपलं लहान आहे, पण गाव मोठं आहे. घरात जीव घाबरा झाला तर गावात निघायचं." मी तेव्हा कोणाशी बोलत नव्हते. तर ते मला वाटेत बडा फुहाऱ्यापाशी, चौकातल्या मोठ्या कारंज्यापाशी, घेऊन गेले, खव्याची जिलबी पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "बोलू नको. खा. तोंड दोन्ही कामं एकदम करत नाही." मी रडत रडत खाल्ली.

तिथेच, फुहाऱ्याजवळच्या एका कापडाच्या दुकानात ते नोकरीला होते. विकायचं सोडून ते गिऱ्हाइकाला खरं सांगून मोकळे होत. "दीदी, ये लाल पहली धुलाई में ही चला जाएगा, वो निळा घ्या," असं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. शेठ कपाळाला हात लावी. पण बायका भाऊजींनाच शोधत येत, म्हणून त्यांची नोकरी टिकली. त्यांच्या बोलण्यात दोन्ही भाषा अशा शेजारी शेजारी नांदत, आमच्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारख्या.

मला त्यांनीच कॉलेजात घातलं. पुढे दुकानामागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांची रक्त तपासायची लॅब होती, तिथे चिकटवलं. पहिल्याच दिवसापासून ते मला 'डॉक्टरीणबाई' म्हणू लागले. मी डॉक्टरीण नाही, नुसती मदतनीस आहे, असं कितीदा सांगितलं तरी त्यांना पटलं नाही. संध्याकाळी सायकलवरून मला न्यायला येत तेव्हा ते हमखास सूक्ष्मदर्शकाला, त्यांच्या भाषेत दुर्बिणीला, डोळा लावत. एकदा त्यांनी रक्ताचा थेंब बघितला आणि म्हणाले, "ही तर मसुराची डाळ सांडून ठेवली."

डॉक्टरसाहेब हसले. "भैया, यही दाल तुम्हारी साँस ढोती है," ते म्हणाले. "एक एक दाणा फुप्फुसात जातो, हवा भरून घेतो, नखांपर्यंत पोचवतो. तुम पानी के नीचे जो दम मारते हो, वो इसी के भरोसे."

भाऊजी बराच वेळ काच सरकवून सरकवून बघत राहिले. मग म्हणाले, "अच्छा. म्हणजे मी नुसता मालक. हमाल हे."

त्यांचा धाकटा भाऊ वसंता फौजेत होता. म्हणायला धाकटा भाऊ. पण त्याला भाऊजींनीच वाढवलं होतं, नदीत फेकून पोहायला शिकवलं होतं. एकाहत्तर सालचा तो पावसाळा संपत आला तसं सगळं गावच बदलायला लागलं. जबलपूर हे कारखान्यांचं गाव. घरोघरी कोणी ना कोणी दारूगोळ्याच्या कारखान्यात. लढाईचा वास दिल्लीआधी आम्हाला येतो. लोक दुहेरी पाळ्या करू लागले. वसंताची तुकडी पूर्वेकडे गेल्याचं कळलं, आणि त्यानंतर भाऊजींचं दुकानात लक्ष लागेना.

"तो तिकडे चिखलात झोपून राहिला आणि मी इथे खणाचं कापड फाडून राहिलो," एक दिवस जेवताना ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली.

शहराबाहेर एक कारखाना होता, आता तो उरलेला नाही. एरवी तिथे कापडाचे रंग तयार होत. लढाईच्या तयारीत त्याला दारूगोळ्यात मिसळायची एक पिवळी पावडर बनवायचं काम मिळालं होतं, आणि त्यासाठी एक जुनी शेड पत्रे ठोकून उभी केली होती. कामगार तिला 'हल्दीघर' म्हणत. भाऊजी त्या हळदीघरात लागले. तिथले चार्जमन, म्हणजे पाळीवरचे मुकादम, दुबेजी होते. मोठ्या आवाजाचे, मनाचे चांगले. भाऊजींनी पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलं, "आता झोप येईल मला."

महिन्याभरात त्यांचे तळहात पिवळे झाले. मग उशीचा अभ्रा पिवळा. मग बनियनची काख. ताई सोडा घालून कपडे उकळी, पण तो रंग जात नसे. भाऊजी हात पुढे करून म्हणत, "पुन्हा हळद लागली मला. बघ, नवरी कोण ते." ताई तेव्हा हसे. आम्ही सगळे हसत होतो. तोंडाला ओला गमछा बांधला की पावडर आत जात नाही, अशी तिथल्या माणसांची समजूत होती. पाळी संपली की घशातली पावडर उतरावी म्हणून कारखाना गूळ वाटे.

आणि मग भाऊजी पान खाऊ लागले.

हे विचित्र होतं, कारण पानाचा त्यांना तिटकारा होता. कोणी पिचकारी मारली की ते रस्त्यात त्याच्याशी भांडत. आता सकाळी घरून निघताना गालात पान, परत येताना गालात पान. जेवण झालं की चूळ भरून लगेच दुसरं. ताईनं विचारलं, "तुम्ही पान काहून खाऊन राहिले? तुम्हाला तर ओकारी येत होती." ते म्हणाले, "तिथे तोंड कडू पडतं ना. सगळेच खातात." हे खरं होतं. तोंड कडू पडत होतंच. पण ते पूर्ण खरं नव्हतं.

कार्तिकी पौर्णिमेला आम्ही ग्वारीघाटावर गेलो. जत्रा भरली होती, द्रोणात दिवे सोडले जात होते. रमेसुरनं नेहमीसारखी हाक मारली. भाऊजींनी पाण्यात बुडी घेतली, आणि आम्ही हसायला सुरुवात करतो न करतो तोच ते वर आले. तिथेच, जिथे बुडी मारली होती तिथेच. नावेची कड धरून ते उघड्या तोंडानं श्वास घेत होते. पाण्यानं पानाचा रंग धुऊन गेला होता. त्यांचे ओठ मला दिसले. ते पिकल्या जांभळासारखे होते.

"थंडी," ते म्हणाले. "पाणी फार थंड आहे आज."

बाकीचे लोकही त्याच पाण्यात उभे होते. कोणाचे ओठ तसे नव्हते.

दोन-चार दिवसांनी ते मला न्यायला लॅबमध्ये आले तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि बोटाला सुई टोचली. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. टिपकागदावर त्यांचा एक थेंब घेतला आणि शेजारी माझा एक थेंब. माझा थेंब पसरला आणि लाल झाला. त्यांचा पसरला आणि तसाच राहिला, चिंचेच्या कोळासारखा. मी कागद हवेत हलवला, खिडकीपाशी धरला. काही फरक पडला नाही.

"पानाचा रंग उतरला असेल," भाऊजी म्हणाले.

डॉक्टरसाहेबांनी कागद बघितला, भाऊजींना गमछ्यानं तोंड पुसायला लावलं, नखं बघितली, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली. मग त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. त्यांचं ते समजावणं मला अजून आठवतं. रक्तात लोखंड असतं, ते म्हणाले. त्या लोखंडाच्या जोरावर दाणा हवा उचलतो. ही पावडर त्या लोखंडाला गंज चढवते. गंजलेला दाणा फुप्फुसात जातो, हवेच्या दाराशी उभा राहतो आणि रिकाम्या हातानं परत येतो. "और ये मुँह से नहीं, चमड़ी से जाती है," ते म्हणाले. "गमछे से क्या होगा? तुम्हारे हाथ ही पी रहे हैं."

"दारूला हात लावू नको," असंही त्यांनी सांगितलं. "एक घोट भी नहीं. दारू इस ज़हर को दुगना कर देती है. और गंज के बाद दाने फूटने लगते हैं. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

घरी जाताना मी सायकलवर मागे बसून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?" ते जरा वेळ पेडल मारत राहिले. मग त्यांनी सांगितलं. ओठ निळे दिसले की दुबेजी माणसाला बाहेर काढत, दोन दिवस घरी बसवत. तसा नियम होता. पण ओठ लाल असले की दुबेजी पुढे जात. म्हणून पान.

त्या रात्री ताई जेवली नाही. ती भांडली नाही, आवाज चढवला नाही, नुसती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "मला वसंताही पाहिजे आणि तुम्हीही पाहिजे." भाऊजींनी कबूल केलं. ते घरी बसले. सकाळी उन्हात खाट टाकून पडून राहत, ताई त्यांना दूध देई, आणि हळूहळू ओठांचा रंग परतला. नखं गुलाबी झाली. मी बोट टोचून पाहिलं. थेंब अजून काळपट होता, पण लाल होऊ बघत होता. ताईनं त्या आठवड्यात पुरणपोळी केली.

मग एक दिवस रेडिओवर लढाई सुरू झाल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी सायकल बाहेर काढत होते. मी दारात आडवी उभी राहिले. मी खूप बोलले, काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर ते पिवळे हात ठेवले. "डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "वसंताला कोणी म्हटलं का, रक्त खराब होईल, घरी बस म्हणून?"

"तो शिपाई आहे."

"अच्छा. आणि मी कापड मोजणारा." ते चिडून बोलले नाहीत, हेच जास्त वाईट होतं. "तो घरी आला की दुसऱ्या दिवशी सोडतो. नर्मदामाईची शपथ. चलो, सरक."

मी सरकले नाही. ते सायकल उचलून ओट्यावरून गेले.

त्या दुपारी मी कारखान्याच्या फाटकावर जाऊन दुबेजींना बाहेर बोलावलं. त्यांनी नमस्कार केला, मला स्टुलावर बसवलं. मी सांगितलं की भाऊजींना तुम्ही बाहेर काढा, त्यांच्या ओठांवर जाऊ नका. दुबेजी म्हणाले, "दीदी, सबको घर भेज दूँ तो भट्टी कौन देखेगा? ऊपर से रोज़ पूछ रहे हैं, माल कहाँ है, माल कहाँ है." बोलताना ते खाली बघत होते. त्यांच्या गालातही पान होतं.

लढाई फार दिवस चालली नाही. तिकडे शत्रूनं शस्त्रं खाली ठेवल्याची बातमी आली त्या संध्याकाळी गावात नुसता जल्लोष होता. काळे कागद लावलेल्या खिडक्या लोकांनी उघडल्या. फुहाऱ्याच्या चौकात हलवायानं परातीतून जिलबी वाटली. मी घरी आले तर ताई नवी साडी नेसून बसली होती. "आता सोडतील ते," ती म्हणाली. "उद्यापासून." तेवढ्यात कारखान्याचा ट्रक दारात उभा राहिला.

फाटकाबाहेर सगळ्या पाळीनं मिळून आनंद केला होता. कोणीतरी बाटल्या आणल्या होत्या. भाऊजी एरवी पीत नसत, पण कोणी तरी ग्लास पुढे केला आणि म्हणालं, वसंता भैया के नाम पे. त्यांनी तो घेतला. थोड्या वेळानं घोषणा देता देता ते खाली बसले, आणि मग आडवे झाले.

इस्पितळात त्यांना बघितलं तेव्हा मी ओळखलं नाही. माणसाचा तसा रंग मी पाहिला नव्हता. शाळेतली ओली पाटी असते, तसा. कान, जीभ, सगळं तसंच. डॉक्टरसाहेबांना कोणीतरी घरून आणलं. त्यांनी एक छोटी कुपी फोडली, तिच्यातलं औषध शाईसारखं गर्द निळं होतं, आणि ते शिरेतून सावकाश, फार सावकाश सोडायला लागले. ताई पलंगाची दांडी धरून उभी होती. थोड्या वेळानं भाऊजींच्या ओठांच्या कडेला जरा लाली आली. मग जिभेला. मग त्यांनी डोळे उघडले आणि सुईतली शाई बघितली.

"निळ्यावर निळं?" ते पुटपुटले. "अजब तऱ्हा आहे तुमची."

ताई एकदम हसली आणि तिथेच रडायला लागली. मग त्यांनी विचारलं, "वसंताची काही खबर?"

आम्हाला वाटलं, वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन चमचे पेज खाल्ली. औषधामुळे लघवी हिरवीनिळी होत होती, तिचीही त्यांनी थट्टा केली. त्याच्या पुढच्या दिवशी ती काळ्या चहासारखी झाली. डोळे पिवळे पडले. ही हळद आता आतून येत होती. मी त्यांचं रक्त दुर्बिणीखाली धरलं. एरवी गोल, गुळगुळीत दिसणारे दाणे कुरतडल्यासारखे दिसत होते, आणि आत काळे ठिपके. कितीतरी नुसते फुटून गेले होते. डॉक्टरसाहेब माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, "रंग लौटा दिया मैंने, बेटा. पर ढोनेवाले ही मर रहे हैं. खून चढ़ाना पड़ेगा."

बातमी कारखान्यात पोचली, आणि पाळी सुटल्यावर अख्खं हळदीघर इस्पितळाच्या व्हरांड्यात येऊन उभं राहिलं. बाह्या वर करून, रांगेत. दुबेजी सगळ्यांच्या पुढे. "दीदी, मेरा पहले लीजिए," ते म्हणाले. "इन्होंने मेरी पाली कितनी बार की है."

मी त्यांच्या शिरेत सुई घातली आणि नळी भरली. भरताना मला वाटलं उजेड कमी आहे. मी नळी खिडकीशी नेली. रक्त तपकिरी होतं. मी ती स्टँडमध्ये ठेवली आणि पुढच्या माणसाचं घेतलं. तेही तपकिरी. मी नवी सुई घेतली, दुसऱ्या डब्यातली नळी घेतली. तिसरा माणूस विशीतला, धिप्पाड, दंडाला ताईत. त्याचंही. मी कोणाकडे न बघता घेत गेले. खिडकीतल्या स्टँडमध्ये एक रांग भरली, सगळ्या नळ्या चिंचेच्या कोळाच्या.

"किसका मिला, दीदी?" मागून कोणीतरी विचारलं.

डॉक्टरसाहेब बाहेर आले, त्यांनी ती रांग बघितली आणि ते जवळच्या बाकावर बसले. मग म्हणाले, "जाओ, सब लोग नल पे जाओ. मुँह धोके आओ."

माणसं एकमेकांकडे बघत गेली. आवारातल्या नळाखाली त्यांनी चुळा भरल्या, पान थुंकलं, हातानं ओठ चोळले, आणि परत येऊन तशीच रांगेत उभी राहिली. एकाचेही ओठ लाल नव्हते. सगळी रांग निळी होती. दुबेजींनी शेजारच्याकडे बघितलं, मग त्याच्या पलीकडच्याकडे. मग त्यांनी स्वतःच्या ओठांना बोट लावून बघितलं, जणू बोटाला रंग लागेल.

"तुम में से कोई इसे खून नहीं देगा," डॉक्टरसाहेब म्हणाले. "तुम सब खुद मरीज़ हो. कल से उस शेड में कोई पाँव नहीं रखेगा. मालिक से मैं बात करूँगा, और वो नहीं माना तो मैं फाटक पे बैठूँगा." सत्तरीच्या घरातला माणूस, पण तो दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन फाटकावर बसला. शेडला कुलूप लागेपर्यंत उठला नाही.

भाऊजींना रक्त दिलं ते नावाड्यांनी. रमेसुर घाटावरून नाव बांधून आला आणि आणखी चौघांना घेऊन आला. त्यांचं रक्त नळीत आलं तेव्हा मी किती वेळ बघत राहिले. इतकं लाल असतं हे मी विसरूनच गेले होते. दोघांचं जुळलं. ते चढवल्यावर भाऊजींना थोडी हुशारी आली. पण फुटलेल्या दाण्यांनी त्यांच्या मूत्रपिंडात चिखल केला होता. लघवी बंद झाली, अंगावर सूज चढली.

शेवटच्या दिवसांत एकदा ताई घरी आंघोळीला गेली होती तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "बाकीच्यांचं काय?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. नळावरचं, रांगेचं, कुलपाचं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "पानाची युक्ती माझी होती, डॉक्टरीणबाई. मी शिकवली सगळ्यांना. तो ताईतवाला पोरगा बाहेर बसायला तयार होता. मीच म्हटलं, काहून बसतो, घे पान."

"तो बरा होईल," मी म्हटलं. "सगळे होतील. डॉक्टरसाहेब म्हणाले."

"नक्की?"

"नक्की."

"विचारून ये पुन्हा," ते म्हणाले. मी उठून डॉक्टरसाहेबांना विचारून आले, आणि येऊन सांगितलं. मग त्यांनी आवळलेली मूठ सैल सोडली. दोन दिवसांनी, दुपारचं ऊन पलंगावर असताना, ते गेले. ताईचा हात त्यांच्या छातीवर होता.

ती माणसं खरंच बरी झाली. पुढे कित्येक आठवडे ती एकेक करून लॅबमध्ये येत, बोट पुढे करत आणि कागदाकडे बघत बसत. त्या ताईतवाल्याचा थेंब पहिल्यांदा लाल पसरला त्या दिवशी तो माझ्या टेबलावर डोकं टेकून रडला. मला त्याचा राग येत नव्हता, आनंदही होत नव्हता. मी कागदावर त्याचं नाव लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

दुबेजी तेराव्याला आले. जेवले नाहीत. जाताना दारात थांबले आणि ताईला म्हणाले, की एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शेडमधली पावडर पोत्यांत भरून गोदामात पडली होती. ती न्यायला ट्रक यायचे होते, पण त्याआधीच लढाई संपली. आता ती कोणाला नको होती. एकही पोतं बाहेर गेलं नाही. ताईनं ऐकलं. तिनं त्यांना पाणी दिलं, भांडं परत घेतलं आणि दार लावलं.

थंडी ओसरता ओसरता वसंता सुटीवर आला. त्याला तार मिळाली होती, पण सोडलं उशिरा. उन्हानं रापलेला, केस अगदी बारीक कापलेले, डावा हात झोळीत. तो उंबऱ्यात उभा राहिला आणि ताईच्या पाया पडला, आणि बराच वेळ उठला नाही. ताईनं त्याला उठवलं, आंघोळीचं पाणी काढलं, मुलासारखं समोर बसवून जेवायला वाढलं. तो डाव्या हाताची झोळी सांभाळत जेवत होता. कुठल्या नद्या ओलांडल्या, कसा पाऊस नव्हता तरी चिखल होता, असं काहीबाही सांगत होता. मग थांबला. घास हातातच राहिला.

"वहिनी," त्यानं विचारलं, "दादा जे बनवत होता, ते पोचलं होतं का आमच्यापर्यंत? तिकडे?"

मी जमिनीकडे बघितलं.

"पोचलं तर," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, ना वर ना खाली. "दुबेजी स्वतः घरी येऊन सांगून गेले. सगळा माल तुमच्याकडेच गेला म्हणे."

वसंतानं मान हलवली. त्यानं हातातला घास तोंडात घातला आणि पुन्हा जेवायला लागला, आधीपेक्षा जरा भराभर, खूप दिवसांच्या उपाशी माणसासारखा. ताईनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला आणि वर तूप सोडलं.